गालावरचा काटा

१

मागच्या खोलीतल्या टाकीत दोन मासे असायला हवे होते, आणि एकच होता. मी तीनदा मोजलं. दोनापर्यंत मोजायला शाळा लागत नाही. लागली असती तरी तेवढी मी शिकले आहे. चौथीत नापास म्हणजे तिसरी पास.

राजा होता. राणी नव्हती.

हे दोघे कोण ते आधी सांगते, म्हणजे "एका माशासाठी एवढं?" असं पुढे कुणी विचारायला नको. आमचं खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं दुकान आहे आणि वर घर. नवरा गेला तेव्हा थोरला अकरा वर्षांचा होता, धाकटा पाचाचा. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसाला हे जमायचं नाही. त्यातल्या तिघांच्या घरात आज माझ्या दुकानातल्या टाक्या आहेत. तीस वर्षांत मी एंजल मासे इतके विकले की रंग बघून बघून डोळे विटायला हवे होते, पण ते कधी विटले नाहीत. समुद्रातल्या कोरलच्या खडकांवर राहणारी ही जात. त्यातही एक कूळ वेगळं. शेपटी कात्रीसारखी उघडलेली, आणि नराचा रंग एक, मादीचा दुसरा. मादी वरून पिवळी, खालून फिकी निळी, अंगावर एक पट्टा नाही. नराच्या निळसर अंगावर काळे उभे पट्टे, जणू कुणी शाईत फणी बुडवून ओढली.

थोरल्याने आणलेली ही शेवटची जोडी. आणली, आणि दोन महिन्यांनी याच टाकीसमोरच्या स्टुलावर "जरा छातीत दुखतंय" म्हणून बसला, तो उठला नाही. त्याला दोन वर्षं झाली. जोडी विकायची नाही, हा माझा हुकूम होता.

त्या दोन वर्षांत माझे डोळे गेले. बाया म्हणाल्या, रडून गेले. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, रडायला मला वेळ कुठे आहे? बायांचंही अगदीच खोटं नव्हतं. मग ऑपरेशन ठरलं, आधी उजव्या डोळ्याचं, आठ दिवसांनी डाव्याचं. पहिल्या दिवशी सकाळी मी स्वतः खाली आले. चाचपडत टाकीचं झाकण काढलं, दोघांना खायला घातलं, "येते रे बाळांनो" म्हटलं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, आणि मी निघाले.

डोळ्यांचा डॉक्टर शेवटी म्हणाला, "दुसऱ्या ऑपरेशनपासून महिना मोजा. तोवर खारं पाणी डोळ्याला लागता कामा नये." म्हणजे दुकानात पाऊल टाकायचं नाही. थोरली सून शेजारी उभी होती. तिने मान डोलावली.

महिना भरायला तीन दिवस राहिले आणि माझा धीर सुटला. सून बाजारात गेलेली बघून मी जिना उतरले, आणि ही चोरी सापडली.

२

धाकटा काउंटरवर होता. मला बघून म्हणाला, "अगं, तू खाली कशाला आलीस? वहिनी मला खाईल."

"ती नंतर खाईल. आधी मी खाते. राणी कुठे आहे?"

"कोण राणी?"

"तुझ्या भावाची."

तो काउंटरवरची चिल्लर चाळवायला लागला. मग म्हणाला, "मला विचारू नकोस. मी त्या खोलीत जात नाही, तुला माहीत आहे."

खरं होतं. भाऊ गेला त्या दिवसापासून तो त्या दारावरून मान फिरवून जातो. आत टाकी आहे की तबेला, त्याला पत्ता नाही.

"दातांचा डॉक्टर येऊन गेला का?" हा डॉक्टर दोन वर्षं त्या जोडीवर डोळा ठेवून होता.

"आला होता ना. जोडी द्या म्हणे, मागाल तो भाव देतो. मी म्हटलं, डॉक्टर, दात उपटणं सोपं आहे, आमच्या आईकडून मासा काढणं नाही. मग वहिनीशी काहीतरी बोलला नि गेला." त्याने आवाज खाली आणला. "वहिनीचं जरा बघच तू. फ्रीझरला कुलूप घातलंय तिने. माशांची कोळंबी काढायची तरी मी किल्ली मागायची. आपल्याच दुकानात मी भिकारी!"

हे मी मनात ठेवलं आणि पाणक्याला हाक मारली. पाणक्या म्हणजे आमचा पाणी करणारा. मीठ मोजून पाण्यात मिसळायचं, टाक्या धुवायच्या, वीस वर्षं हेच काम. साठी उलटली, आणि बोलणं वर्षाला शंभर शब्द.

"राणी कुठे आहे?"

"इथंच आहे, बाई."

"मला आंधळी समजतोस? नवे डोळे बसवून आलेय मी."

"राणी या खोलीतून बाहेर गेलेली नाही. शपथ घेतो."

"मग काय राजाने खाल्ली?"

मी टाकीकडे वळले. झाकणाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे चिमटे लावले होते. पूर्वी नव्हते.

"हे कधीपासून?"

"झाला महिना. वरती चार दिवस असतील."

"कशाला?"

"उडी मारतात, बाई."

"दोन वर्षांत कधी मारली?"

त्याने मान खाली घातली. वीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस माझ्यासमोर तोंडात मूग गिळून उभा राहिला, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "एका घरचं मीठ खाऊन दुसऱ्याची पाठराखण करतोस? उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"त्यांना काही बोलू नका, आई."

मागून आवाज आला. दारात सून उभी होती, हातात भाजीची पिशवी.

"राणी मी विकली."

३

"कुणाला?"

"दातांच्या डॉक्टरांना."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"का?"

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "विकली. झालं."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. थोडं लिहिते. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणाले. माझा लेक गेला, त्याने ठेवलेला जीवसुद्धा तुला बघवला नाही, म्हणाले. उद्या सकाळच्या गाडीने माहेरी जा, तुझं इथे काय उरलं आहे, असंही म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. धाकटा काउंटरमागून "आई, अगं आई" करत होता, त्यालाही दोन ठेवून दिल्या तोंडाने.

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आणि आणखी एक, ते तेव्हा नुसतं खटकलं. मी बोलत होते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, डोळ्यांकडे बघत होती. दूध उतू जातंय का म्हणून पातेल्याकडे बघावं तशी.

बारा वाजले. ऑपरेशनपासून दिवसातून चारदा तीच माझ्या डोळ्यांत औषध घालत आली. बाराच्या ठोक्याला बाटली घेऊन वर आली.

"वर बघा, आई."

"तुझ्या हातचे थेंब मला नकोत."

"नकोत तर नकोत. पण वर बघा."

मी वर बघितलं. उजव्यात एक, डाव्यात एक. हात जरासुद्धा हलला नाही. बाटलीचं बूच लावून ती आपल्या खोलीत गेली, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

मी डोळे मिटून पडले आणि विचार करू लागले. चोराचा हात इतका स्थिर कसा? आणि हा कसला चोर, जो पट्ट्यांचा मासा सोडून साधा पिवळा विकतो? दोन वर्षं जोडीमागे लागलेला डॉक्टर एकटी राणी घेऊन गप्प बसेल?

उठले, चष्मा लावला, चपला घातल्या आणि कुणाला न सांगता दातांच्या डॉक्टरकडे निघाले. सुनेची बॅग भरून व्हायच्या आत मला राणी परत आणायची होती. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

४

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माणसं गाल धरून बसली होती, आणि त्यांच्यामागे मोठी टाकी. तिच्यात कात्रीच्या शेपटीची एक पिवळी मादी फिरत होती.

राणीच वाटली. पण नुसत्या रंगावर मी निकाल देत नाही. माझ्याकडे खूण होती.

एंजल ओळखायचा तो गालावरच्या काट्यावरून. दोन्ही गालांवर एकेक, मागे वळलेला. म्हणून एंजलला कधी जाळीने धरत नाहीत. काटा अडकतो, मासा फाटतो. त्याला काचेच्या बरणीत हळूच घ्यायचं. हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण जोडी आली त्या दिवशी थोरला बाहेर होता, गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि मी राणीला जाळीने धरलं. सोडवता सोडवता डाव्या गालावरचा काटा मुळासकट निघाला. तिथे खळी पडली ती कायमची. थोरला आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "आई! एंजलला जाळी लावतात का गं? तूच असं केलंस तर कुणाला सांगायचं?"

आता वाटतं, आणखी चार चुका करायला हव्या होत्या. आणखी चारदा ओरडला असता.

मी काचेला नाक लावून थांबले. मादी वळली. डावा गाल. काटा जागच्या जागी. उजवा गाल, तिथेही काटा. ही आमची नव्हे.

"आजी, दात दुखतोय का?" डॉक्टर हात पुसत बाहेर आला.

"दात शाबूत आहेत, तुमच्या दुर्दैवाने. हा मासा कुठला?"

"बाहेरगावहून मागवला. तुमच्या सुनेने दिला कुठे!"

"काय म्हणाली ती?"

"पंधरा दिवस झाले असतील. म्हणाली, आता जोडी राहिली नाही. मी म्हटलं, राहिलेला द्या. तर म्हणाली, ती एकटी आहे, तिला विकत नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "ती? तो नाही?"

"ती. मला चांगलं आठवतंय, कारण म्हणतानाच त्यांचा आवाज बसला. का हो, काय झालं?"

पंधरा दिवसांपूर्वी ती एकटी होती. आज सकाळी मी बघितलं ते पट्टे, तर तो. मग तो आला कुठून?

५

घरी आले तेव्हा साडेपाच झाले होते. वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मी सरळ मागच्या खोलीत गेले, माशांवरचे रोग बघायचं भिंग घेतलं आणि थोरल्याच्या स्टुलावर बसले. दोन वर्षांत त्या स्टुलावर पहिल्यांदा.

राजा खडकामागे होता. वाट बघायला लावणं ही राजांची सवयच. मग तो हळूच पुढे आला, काचेजवळ, अगदी भिंगासमोर. पट्टे काळेभोर. शेपटी कात्रीची. उजव्या गालावर काटा.

तो वळला.

डाव्या गालावर काटा नव्हता. खळी होती. माझ्या हातची खळी.

माझं भिंग पडलं. राणीचा गाल राजाच्या अंगावर! एक क्षण वाटलं, डोळ्यांच्या डॉक्टरने काहीतरी उलटसुलट शिवलंय.

मग मी पाणबुड्याला फोन लावला. हा म्हातारा चाळीस वर्षं कोरलच्या खडकांत बुडी मारून मासे आणतो. आमच्या निम्म्या टाक्या त्याच्या श्वासावर भरलेल्या.

"ती कात्रीच्या शेपटीची जोडी," मी म्हटलं, "त्यातला नर मेला तर मादीचं काय होतं?"

तो हसला, आणि खोकला, आणि पुन्हा हसला. "बाई, तीस वर्षं विकताय आणि एवढं माहीत नाही? राजा गेला की राणीच राजा होते. चार आठवडे लागतात. आधी अंगावरचा पिवळा उडतो, मग पट्टे उमटायला लागतात. आम्ही खाली रोज बघतो."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"तुमच्या दुकानात मासा आठ दिवसांचा पाहुणा. आठ दिवसांत कुणाचं काय बदलतंय?"

मी फोन ठेवला. नवरा गेला की काही जणींचं तेवढ्यात बदलतं, हे त्याला काय सांगणार?

मी दोघांना हाक मारली. पाणक्याला आणि सुनेला.

६

सून बॅग जिन्यात ठेवूनच आली. पाणक्या दाराशी उभा राहिला.

"चोरी झालेली नाही," मी म्हटलं. "पाणक्या, तू खरं बोललास. राणी इथेच आहे. गेला तो राजा."

पाणक्याने डोळे मिटले. सून म्हणाली, "आई, आता नको. तीन दिवसांनी बोलू."

"आता बोलू. पट्टे पुरे व्हायला चार आठवडे लागतात, आणि ते पुरे झालेत. पंधरा दिवसांपूर्वी तू डॉक्टरला 'ती एकटी' म्हणालीस. झाकणाला चिमटे लागून महिना आणि वर चार दिवस झाले. म्हणजे राजा गेला तो माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या सुमाराला. उडी मारून गेला, नाहीतर चिमटे कशाला? आणि झाकण बंद असेल तर उडी मारून मासा जाईल कुठे? कुणीतरी ते उघडं टाकलं."

"आई, पुरे."

"धाकटा या खोलीत येत नाही. पाणक्या दहाला येतो. तू सकाळपासून माझी पिशवी भरत होतीस, मग गाडी बघायला बाहेर गेलीस." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "त्या सकाळी या झाकणाला एकाच माणसाचा हात लागला. चाचपडत उघडलं ते आठवतं. लावलं ते आठवत नाही. हॉर्न वाजला होता."

पाणक्याने स्टुलाकडे बोट केलं.

"मी दहाला आलो, बाई," पाणक्या म्हणाला, "तेव्हा स्टुलाखाली पडला होता. सुकला होता."

स्टुलाखाली. जिथे थोरला पडला तिथेच.

मी सुनेकडे वळले. "मेला एवढं सांगायचं होतंस. विकली म्हणून कशाला सांगितलंस? माझी बोलणी खाल्लीस, बॅग भरलीस!"

"डॉक्टर म्हणाले होते ना, खारं पाणी डोळ्याला लागता कामा नये."

"ते दुकानाचं म्हणाले."

"फक्त दुकानाचं?" तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवरची नजर काढली. "राजा गेला म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कसा. राणी मेली म्हटलं असतं तरी रडला असता. मागची दोन वर्षं कशी गेली ती मी बघितलीयत. पण चिडलात की तुमचे डोळे कोरडे राहतात, आई. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

मी पडलेलं भिंग उचलून टेबलावर ठेवलं.

"म्हणून माहेरी निघाली होतीस?"

"तीन दिवसांनी आलेच असते परत. सगळं सांगायला."

मी हात पुढे केला. "फ्रीझरची किल्ली दे."

"आई, नको."

"दे म्हणते ना."

तिने किल्ली दिली नाही. स्वतःच जाऊन फ्रीझर उघडला, कोळंबीची पाकिटं बाजूला केली आणि तळातून एक छोटी पुडी काढली. थोरल्याचा निळ्या चौकटींचा रुमाल होता. तिने तो टेबलावर ठेवून उलगडला.

"तुम्हाला नीट दिसायला लागलं की दाखवायचा होता. तुम्ही त्याला कधी धड बघितलंच नाहीत."

खरंच बघितलं नव्हतं. तो आला तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे धुकं धरायला लागलं होतं. पट्टे काळे आहेत एवढं दिसायचं, किती आहेत ते नाही. आता मी बोट फिरवून मोजले. पंधरा होते. एकही वाकडा नव्हता. थोरला म्हणायचा, "आई, बघ ना, किती सरळ आखलेत," आणि मी "हो हो" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

दाराशी चाहूल लागली. धाकटा उंबऱ्यापर्यंत आला होता. आत आला नाही, पण तिथवर आला.

मोजलेले पट्टे पुन्हा धूसर व्हायला लागले. सुनेला ते माझ्या आधी कळलं असावं. तिने खिशातून बाटली काढली. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजत होते.

"वर बघा, आई. अजून तीन दिवस आहेत."

मी वर बघितलं. छताला गंजाचा एक डाग आहे, हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. मी त्या डागाकडे बघत राहिले. उजव्यात एक थेंब, डाव्यात एक. तिने रुमाल पुन्हा बांधला, राजाला जागेवर ठेवला आणि जिन्यातली बॅग उचलून वर नेली. पाणक्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दहाला आला. मी त्याला काही म्हटलं नाही. त्यानेही त्याचे शंभर शब्द वाचवले.

चौथ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरने दिवा मारून बघितलं आणि म्हणाला, "छान. आता कसलंही बंधन नाही."

मी घरी आले. चपला काढल्या, मागच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. सून आधीच येऊन बसली होती. रुमालाची पुडी मांडीवर होती, आणि थोरल्याच्या स्टुलाशेजारी तिने दुसरं स्टूल मांडून ठेवलं होतं.